रोझ हिलचे घर आणि त्याची ओटी

रोझ हिलच्या मेट्रो स्थानकावर उतरून कोर द गार्द डोंगराकडे तोंड करून दहा-बारा मिनिटे चालले, की सिमेंटच्या दोन उंच इमारतींच्या मध्ये एक लाकडी घर दिसते. पत्र्याचे उतरते छप्पर, छपराच्या कडेला नक्षीची झालर, पुढे सलग ओटी आणि हे सगळे काळ्या दगडाच्या जोत्यावर. अलीकडे लोक थांबून त्याचे फोटो काढतात. घरे विकणारे दलाल अशा घराला 'मेझों क्रेओल' म्हणतात आणि त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे लावतात. हे आमचे घर.

आपली पहिली कुटुंबे कोठ्या सोडून या वस्तीत आली त्याला शंभर वर्षे झाली, म्हणून ही स्मरणिका निघत आहे. आमचे पणजोबा १९२४ साली आले, त्या पहिल्या चार-पाच कुटुंबांपैकी. घराची नुकतीच दुरुस्ती झाली, तेव्हा त्याचा इतिहास तुम्हीच लिहा असे मंडळाने आम्हाला सांगितले. आम्ही म्हणजे चौदा वारस. लिहिण्याचे काम आमच्यातली जी प्राथमिक शाळेत शिकवते तिच्याकडे आले. पण लिहिलेले सर्वांना वाचून दाखवले आहे, आणि दोन ठिकाणी आवाजही चढले आहेत. ती दोन ठिकाणे वाचकांना आपोआप कळतील.

घराचा इतिहास सांगायचा तर आधी घर नसण्याचा सांगावा लागतो. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला लागले, हे शाळेतले प्रत्येक मूल सांगते. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर उतरली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे. त्यांत मुंबईहून आलेली सर्वांत थोडी, आणि त्या थोड्यांत आपण. रत्नागिरी, सावंतवाडी या बाजूची माणसे जास्त. आमचे खापरपणजोबा १८६० नंतरच्या दशकात आले. आप्रवासी घाटाच्या त्या १६ पायऱ्या चढले असतील, दोन-तीन दिवस तिथल्या शेडमध्ये काढले असतील. मोका येथे महात्मा गांधी संस्थेत जी जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत, त्यांत त्यांचा क्रमांक आहे, जहाज आहे, गाव आहे, उंची आहे आणि डाव्या भुवईवरची खूण आहे. घर नाही. नोंद करणाऱ्याने घराचा रकानाच ठेवला नव्हता, आणि ठेवला असता तर त्यात कोठीचे नाव लिहावे लागले असते.

पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची. या 'दुबार काट'ची आठवण आमच्या आजीच्या तोंडी एका शिवीच्या रूपाने उरली होती, ती इथे छापण्यासारखी नाही. राहायला कांपातली झोपडी. गवताचे छप्पर, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन. कोकणातल्या गरिबाच्या घराहून ती फार वेगळी होती असे नाही. फरक एवढाच, की ती कोठीची होती. करार संपला, मुकादमाशी बिनसले, की झोपडीही गेली. बाहेर पडावे तर १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर रस्त्यावर धरत. या जाचाविरुद्ध अडोल्फ द प्लेव्हिट्झ यांनी १८७१ मध्ये अर्ज नेला, त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांची नावे होती. चौकशीसाठी विलायतेहून आयोग आला. त्याचा अहवाल १८७५ चा. परवान्याचा जाच पुढे हळूहळू सैल झाला.

मग 'मोर्सेलमां'. साखरेचे भाव पडू लागले तसे कोठीवाल्यांनी कडेच्या, खडकाळ जमिनी तुकडे करून विकायला काढल्या. विकत घेणारे कोण? ज्यांनी त्या जमिनीतले दगड वेचून त्यांचे ढीग रचले होते तेच. हप्त्याने, दागिने विकून, चार भाऊ एकत्र होऊन आपल्या लोकांनी एक-दोन आर्पां घेतली. आमचे पणजोबा इथेच जन्मलेले, पश्चिमेकडच्या एका कोठीवर सरदार होते. सरदार या शब्दावर आमच्यात एकमत नाही. काहींना त्याचा अभिमान वाटतो. काहींच्या मते सरदार म्हणजे आपल्याच माणसाला पहाटे चारला उठवून शेतात हाकणारा, आणि घराचे पैसे त्या हाकण्यातूनही आले. दोन्ही खरे असावे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास साखरेला कधी नव्हे असा भाव आला. ज्याच्याकडे थोडा ऊस होता त्याच्या हातात प्रथमच रोख आली. त्या रोखीतले काही आमच्या जोत्याखाली आहे.

पण रोझ हिलच का? इथे आगगाडीची गोष्ट येते. पोर्ट लुईहून महेबुर्गकडे जाणारी रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि लगेच, १८६६ ते १८६८ या काळात मलेरियाच्या साथीने पोर्ट लुई पोखरून काढले. ज्यांना शक्य होते ते डोंगराकडे, थंड हवेत सरकले. सकाळी गाडीने शहरात कचेरीला जायचे, संध्याकाळी परत. बो बासें, रोझ हिल, कात्र बोर्न, क्युरपीप ही गावे अशी रुळाच्या कडेने वाढली. कारकून, दुकानदार, रेल्वेचे नोकर यांनी इथे लाकडी घरे बांधली: मोठ्या मालकांच्या वाड्यांची छोटी नक्कल. आमचे घर अशाच एका रेल्वे कारकुनाच्या कुटुंबाने बांधलेले. १९२४ च्या खरेदीखतात जमीन १८ पर्च, म्हणजे सुमारे ७६० चौरस मीटर, आणि 'वर असलेले जुने लाकडी घर' असा उल्लेख आहे. म्हणजे पणजोबांनी घेतले तेव्हाच ते जुने होते. खत फ्रेंचमध्ये आहे. त्याखाली पणजोबांची सही मात्र देवनागरीत आहे, वळण जरा कापरे, आणि बाजूला लिहिणाऱ्याने 'भारतीय अक्षरांत सही' अशी नोंद केली आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही या सहीची छायाप्रत दाखवतो. कित्ता म्हणून ती बरी नाही, पण मुले ती गिरवतात.

आता घर. पावसाचे पाणी आणि ओल लागू नये म्हणून ते बेसाल्टच्या हातभर उंच जोत्यावर बसवलेले आहे. दगड चुन्यात बसवले आहेत, आणि हा चुना समुद्रातले पोवळे भाजून केलेला. वर जाड लाकडाचा सांगाडा. भिंतींना फळ्या, छपराला मुळात 'बार्दो', म्हणजे माशाच्या खवल्यासारख्या एकावर एक बसवलेल्या लाकडी चकत्या. दारासमोर दार, खिडकीसमोर खिडकी, म्हणजे वारा आरपार जातो. झडपांना आतून आडवे दांडे, वादळासाठी. पुढे सबंध लांबीचा 'वारांग'. आणि छपराच्या कडेला पत्र्यात कापलेली 'लांब्रकें'ची झालर. ती नुसती शोभेची नाही. पावसाचे पाणी तिच्या टोकांवरून थेंबाथेंबाने खाली पडते आणि वाऱ्याने ओटीत येत नाही. स्वयंपाकघर मागे, घरापासून सुटे, कारण लाकडी घराला आगीची भीती आणि मालकांना वासाची.

'वारांग' हा शब्द आमच्या घरात कोणी वापरला नाही. पणजोबांनी त्याला ओटी म्हटले आणि ती ओटीच राहिली. मधली खोली, जिथे कारकुनाचे कुटुंब पाहुण्यांना बसवी, ती माजघर झाली. मागे पडवी. न्हाणी. उंबरठा. जोते. कोकणातल्या घराची नावे या परक्या घराला एकेक करून चिकटवली, आणि आश्चर्य म्हणजे ती बसलीही. ओटी म्हणजे आल्यागेल्याने टेकायची जागा, उंबरठ्याच्या अलीकडची. वारांगचेही काम तेच. घरात बोलणे कधीच क्रेओलमध्ये गेले होते. आमच्या वडिलांची पिढी आपसात क्रेओल बोले, भांडण क्रेओलमध्ये, हिशेब फ्रेंचमध्ये. तरी 'सायकल ओटीवर लाव', 'माजघरातला दिवा मालव' हे मराठीतच. भाषा गेली असे जे म्हणतात त्यांना आम्ही सांगतो की ती घराच्या भागांना धरून बसली होती. आणि म्हणूनच, जेव्हा कात्र बोर्नला सिमेंटच्या घरात राहायला गेलेल्या आमच्या एका काकांच्या मुलांना ओटी म्हणजे काय ते कळेना, तेव्हा आम्हाला मोठा धक्का बसला नाही. त्यांच्या घराला ओटी नव्हती.

ओटीवर बैठका भरायची. दिवसभर सरकारी शाळेत इंग्रजी-फ्रेंच झाले, की संध्याकाळी पाचनंतर आसपासची दहा-बारा मुले पाट्या घेऊन यायची. शिकवणारे आमचे आजोबा. ते काही शिकलेले शिक्षक नव्हते; दिवसा एका दुकानात वजनाच्या काट्यावर बसत. मुंबईहून टपालाने आलेली एक अंकलिपी, एक गीता, रामविजयाची एक जुनी प्रत एवढा संग्रह. पुढे सरकारी प्राथमिक शाळांत मराठीचा तास आला आणि बैठका हळूहळू थांबली. आज ज्यांच्या हातात शिक्षकाचे प्रमाणपत्र आहे अशा आपल्या कितीतरी बायका-पुरुषांची पहिली पाटी कुणाच्या तरी ओटीवर फुटली आहे.

घराचा पुढचा भाग असा इतिहासात येतो. मागचा येत नाही. मागे पत्र्याच्या शेडात चूल होती, पाटा-वरवंटा होता, आणि पणजी, आजी, काक्या यांचे दिवसाचे बारा तास तिथे जात. आमच्या आजीला नक्षीच्या झालरीविषयी कधी काही बोलताना कोणी ऐकले नाही. चुलीजवळचा दगडी कट्टा तिच्या कमरेच्या उंचीला बरोबर लागत असे, याविषयी मात्र ती बोले.

१९६० आले. जानेवारीत अ‍ॅलिक्स वादळ, आणि त्यातून माणसे सावरताहेत तोवर फेब्रुवारीच्या शेवटी कॅरोल. वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेले. बेटावरची गवती छपरे, पत्र्याची, लाकडाची घरे हजारोंनी उडाली. आमच्या घराचे अर्धे छप्पर गेले. मागचे स्वयंपाकघर पूर्ण गेले. त्याचा एक पत्रा तीन गल्ल्या पलीकडे आंब्याच्या झाडाला गुंडाळलेला सापडला. सांगाडा आणि जोते जागेवर राहिले. आमची एक आत्या तेव्हा अकरा वर्षांची होती. ती सांगते, की वादळाचा डोळा आला तेव्हा सगळे थांबले, पक्षी ओरडू लागले, लोक बाहेर आले, आणि आजोबांनी एका हाताने मुले आत ओढली व दुसऱ्या हाताने विरुद्ध बाजूच्या खिडक्यांना दांडे घातले. कारण वारा आता उलट्या दिशेने येणार होता.

कॅरोलनंतर या बेटाचा लाकडावरचा विश्वास उडाला. सरकारने गृहनिर्माण प्राधिकरण काढून सिमेंटच्या 'सिते' वसवल्या. ज्यांना जमले त्यांनी स्वतः सिमेंट ओतले. आजोबांनी १९६१ मध्ये घराच्या मागच्या अंगाला एक खोली बांधली. बारा फूट बाय पंधरा. भिंती ठोकळ्यांच्या, वर सपाट स्लॅब. स्लॅबला इथे 'डाल' म्हणतात आणि ती ओतण्याचा दिवस म्हणजे सणच: शेजारी, नातलग सगळे बादल्या घेऊन येतात, सिमेंट हातोहात वर जाते आणि संध्याकाळी पंगत. त्या दिवशी आमच्या काक्यांनी डाल ओतणाऱ्यांना डाळच वाढली, हा विनोद आमच्या घरात साठ वर्षे टिकला आहे. आता सांगून झाला, पुढे जाऊ.

ही खोली दिसायला कुरूप आहे. याविषयी वाद नाही. लाकडी घराच्या पाठीला ती पोळीसारखी चिकटलेली, आणि तिच्या माथ्यावर लोखंडी गज उभे. मॉरिशसभर असे गज दिसतात. मुलगा मोठा होईल, लग्न होईल, तेव्हा वर मजला चढवता यावा म्हणून ते तसेच सोडायचे. लाकडी घर वर वाढत नाही, सिमेंटचे वाढते. आमच्या गजांवर कधी मजला चढला नाही, कारण ज्या मुलासाठी ते सोडले होते तो लंडनला नर्सिंग शिकायला गेला आणि तिथेच राहिला. पण १९६१ पासून गणपती त्या खोलीत बसू लागला. ६ फेब्रुवारी १९७५ ला जर्वेझ वादळ आले तेव्हा गल्लीतली तीसेक माणसे, हिंदू, मुसलमान, क्रेओल, रात्रभर त्या बारा-बाय-पंधरात उभी होती. गणपतीच्या चौरंगावर कुणाचे तरी तान्हे बाळ निजवले होते.

नंतरची वर्षे लवकर सांगता येतील. खिडक्यांच्या लाकडी झडपा काढून 'नाको' काचा बसल्या. मुली कापडाच्या कारखान्यांत, मुले सरकारी नोकरीत. मग मेलबर्न, टोरांटो, लंडन. आमच्या वडिलांच्या पिढीतले शेवटचे गृहस्थ २००९ मध्ये गेल्यावर घर भाड्याने दिले, मग बंद ठेवले. बंद लाकडी घराला या देशात एकच भाडेकरू मिळतो, कारिया, म्हणजे वाळवी.

२०१७ मध्ये मेट्रोचे काम सुरू झाले, बरेचसे जुन्या रेल्वेच्याच वाटेने, जी वाट १९५६ मध्ये प्रवाशांच्या गाड्या बंद झाल्यापासून ओस होती. जी आगगाडी या घराला कारण झाली तिच्याच जागेवर आलेल्या नव्या गाडीने ते पाडायला कारण दिले. स्थानकाजवळच्या जमिनीचे भाव चढले, आणि एका बांधकाम व्यावसायिकाने आमच्या १८ पर्चसाठी जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही काही दिवस नीट झोपलो नाही. आपल्याकडे दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा. बापाच्या मालमत्तेत सर्व मुलांचा वाटा, मुलींचाही, आणि सर्वांच्या सह्यांवाचून काही हलत नाही. चौदापैकी नऊ जण विकायच्या बाजूचे होते. त्यांना दोष देता येत नाही. एकाला मुलीच्या शिक्षणाचे कर्ज होते. एकीने हे घर लहानपणी आठ वर्षे झाडून-पुसून काढले होते आणि तिला त्याचे तोंडही पाहायचे नव्हते. जुन्या घराचे प्रेम बहुधा ज्यांना तिथली भांडी घासावी लागली नाहीत त्यांना जास्त असते.

जपायचे म्हणणाऱ्यांकडे उदाहरणे होती. मोक्याचे युरेका, १०९ दारे-खिडक्यांचे, लोक तिकीट काढून बघतात. लाबुर्दोनेचा वाडा, १८५९ चा, नव्याने दुरुस्त झालेला. पण ही घरे कोठीवाल्यांची. तिथे आपल्या लोकांचा इतिहास शोधायचा तर बागेत आणि मागच्या दाराशी शोधावा लागतो. त्यापेक्षा आम्हाला जवळचे वाटले ते पोर्ट लुईतल्या प्लेन व्हेर्तचे घर, जिथे सर शिवसागर रामगुलाम १९३५ पासून स्वातंत्र्यापर्यंत राहिले. मजुराच्या मुलाचे घर, दाट वस्तीत, आज स्मारक म्हणून उभे आहे. आणि आप्रवासी घाट. २००६ पासून जागतिक वारसा; पण १८६० च्या दशकातल्या त्या आवाराचा सुमारे १५ टक्केच भाग उरला आहे, बराचसा रस्त्याखाली गेला. जे उरले ते उरले म्हणूनच आज कोणी पाहते, असे आमच्यातल्या धाकट्या चुलतभावाने त्या बैठकीत सांगितले, आणि विकायच्या बाजूचे चार जण बदलले. उरलेल्यांचे वाटे आम्ही हप्त्याने घेतले आहेत. हप्त्याने घेणे आमच्या घराण्याला नवे नाही.

दुरुस्ती २०१९ च्या शेवटी सुरू झाली. छपराचे पत्रे काढले तर खाली काही ठिकाणी जुने बार्दो तसेच होते, राखाडी, कडेने कुजलेले, पण रांगा सरळ. सगळे बदलावे लागले. नव्याला आयात लाकूड, कारण पूर्वीची स्थानिक कठीण लाकडे आता तोडायला मिळत नाहीत, आणि मिळू नयेत. जोत्याच्या सांध्यांत मधल्या काळात कुणीतरी सिमेंट भरले होते. ते छिन्नीने काढून पुन्हा चुना भरला, कारण सिमेंट ओल आत कोंडते आणि लाकडाचा पाया कुजतो. झालरीचा एक हातभर तुकडा शाबूत होता. सत्तरी ओलांडलेल्या एका सुताराने तो कागदावर ठेवून पेन्सिलीने उतरवला आणि सगळी झालर जस्ताच्या पत्र्यात नव्याने कापली. मग २० मार्च २०२० ला सगळे बंद झाले. अर्धे छप्पर उघडे, वर ताडपत्री, आणि घराशी जायला पोलिसांचा परवाना हवा. आमच्या घरातले एक जण त्या वेळी म्हणाले, पास जवळ बाळगून फिरायची सवय आपल्याला दीडशे वर्षांची आहे. ते हसून म्हणाले होते. मे महिन्याच्या शेवटी ताडपत्री काढली तेव्हा माजघराच्या तीन फळ्या गेल्या होत्या, बाकी ठीक होते.

खरा वाद त्यानंतर झाला. काम पाहणारा तरुण वास्तुविशारद, चांगला, अभ्यासू मुलगा, म्हणाला की सिमेंटची खोली पाडू या. तिने घराचे मूळ रूप बिघडवले आहे. ती गेली की मागची भिंतही पुढच्यासारखी करता येईल आणि घर १९०० च्या सुमारास जसे होते तसे दिसेल. नकाशा सुंदर होता. आमच्यापैकी निम्म्यांना पटलाही. तेव्हा जिने अकराव्या वर्षी कॅरोल पाहिले ती आत्या म्हणाली, "१९०० साली आपण या घरात नव्हतो. तुम्ही त्यांचे घर परत बांधताय."

'मूळ' या शब्दावर आम्ही मग बरेच दिवस बोलत राहिलो. कारकुनाच्या कुटुंबाने बांधले ते मूळ, हे बरोबर. पण आम्ही त्यात जे घातले ते सगळे काढून टाकून घर जुने करायचे, तर ते कुणाच्या वारशासाठी? झालर देखणी आहे, तिचे फोटो निघतात. स्लॅब कुरूप आहे, आणि या घरात आमच्या माणसांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या बादल्यांनी केलेली ती एकच वस्तू आहे. आमचे मत आहे, आणि ते सर्वांचे नाही, की देखणेपणा हा वारशाचा एकमेव निकष धरला तर मजुरांच्या वाट्याला फार थोडे येईल. कांपातल्या झोपड्या उरल्या नाहीत. मजुरांचे म्हणून आज जे उभे आहे त्यात ठोकळ्यांच्या भिंतीच जास्त.

खोली राहिली. तिला बाहेरून चुन्याचा रंग दिला, माथ्यावरचे गज मात्र कापले. त्यावर लंडनहून फोन आला आणि फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मागच्या स्वयंपाकघराचे शेड, कॅरोलनंतर पुन्हा उभारलेले, इतके सडले होते की ठेवता आले नाही. ते गेले. दगडी कट्टा ठेवला. त्यावर आता तुळस आहे. कट्टा ठेवून शेड पाडण्याला आमच्या दोन बहिणींचा विरोध होता आणि आहे. त्यांचे म्हणणे, पुढच्या ओटीच्या प्रत्येक फळीला पैसे निघाले, आईच्या जागेला निघाले नाहीत. हिशेबाची वही पाहिली तर ते खरे आहे.

नाको काचा काढून लाकडी झडपा परत लावल्या. दिसायला छान. डास येतात.

घरात आता आमच्यापैकी एक चुलतभाऊ आणि त्याची बायको राहतात. पुढची एक खोली या मंडळाला दप्तर ठेवायला दिली आहे: जुनी खरेदीखते, लग्नपत्रिका, परवान्यांचे फोटो, बैठकांच्या हजेऱ्या. ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी मूळ स्वतःजवळ ठेवून नुसती छायाप्रत आणली तरी चालेल. शनिवारी दुपारी ओटीवर मराठीचा वर्ग भरतो. सध्या नऊ मुले येतात, त्यांत दोन आपली नाहीत, शेजारची क्रेओल आहेत. त्यांना गणपतीच्या आरत्या पाठ आहेत आणि अर्थ विचारण्याची खोड आहे, जी आमच्या मुलांना नाही. परवा त्यांतल्या एकीने विचारले, ओटी भरणे आणि ओटीवर बसणे यांतली ओटी एकच का? दोन वेगळ्या आहेत, एक पोटाजवळची, एक दाराजवळची, असे सांगितले. तिला ते पटले नाही.

घर न विकण्याचा आमचा आपसातला करार पाच वर्षांचा आहे. मुदत संपली की पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि तोवर दोन वारसांच्या जागी त्यांची मुले आलेली असतील, ज्यांनी हे घर फक्त फोटोत पाहिले आहे. त्यांना डिसेंबरच्या सुट्टीत बोलावले आहे. तिकिटे महाग आहेत, पण एकाने येतो म्हणून कळवले आहे.